पाती बदलूनही न सुटलेलं प्रकरण: सोलापुरातला एक थिकनेस प्लेनर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा छोटा कारखाना शटलच्या, म्हणजे धोट्याच्या, पॉवरलूमला लागणारे लाकडी भाग बनवतो. स्ले (मागाची पुढे-मागे हलणारी चौकट), रेस बोर्ड, मारक्याचे दांडे (धोट्याला फटका देणारे) अशी कामं. शटललेस माग वाढले तसं हे काम कमी झालं, म्हणून अधूनमधून दारांच्या चौकटी आणि देव्हारेही इथेच होतात. पण घर चालतं ते अजून रेस बोर्डावर.

रेस बोर्ड म्हणजे जिच्यावरून धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत धावतो ती फळी. चादरीच्या मागाला ती सहा-सात फुटी लागते आणि जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी लागते. टोकाशी, नेमकं धोटा पेटीत शिरतो तिथेच, फळी पातळ आली तर पायरी तयार होते. धोटा उचलला जातो, उडतो, ताणा तोडतो, कधी समोर उभ्या कामगारालाही लागतो. चौकटीच्या कामात जो दोष पॉलिश पेपरने घालवता येतो, तो इथे माल परत आणतो. मालकांनी मला बोलावलं तेव्हा परत आलेल्या फळ्यांची थप्पी दाराशीच लावलेली होती.

मशीन म्हणजे थिकनेस प्लेनर, फळी तासून एकसारख्या जाडीची करणारं. देशी बनावटीचं, बिडाचं, १८ इंची, जुनं घेतलेलं. ५ एचपीची थ्री-फेज मोटर पट्ट्यावरून कटर ब्लॉक फिरवते. ब्लॉक १०० मिमी व्यासाचा, त्यावर तीन पाती, फेरे मिनिटाला ४५००. ब्लॉकच्या दुसऱ्या टोकावरून गिअरबॉक्स आणि साखळीमार्फत रोलर चालतात आणि फळी मिनिटाला ६ मीटरने सरकते. फळीच्या वाटेत आधी दातेरी रोलर, मग चिप ब्रेकर (पात्यांच्या अलीकडे फळी दाबणारी पट्टी), मग कटर ब्लॉक, त्याला चिकटून पलीकडे प्रेशर बार (कापलेली फळी दाबून धरणारी पट्टी), शेवटी गुळगुळीत रोलर. खाली बेड, म्हणजे फळी जिच्यावरून सरकते ती सपाट बैठक, आणि बेडमध्ये दोन मोकळे रोलर. बेड डाव्या-उजव्या अशा दोन स्क्रूंवर उभा आहे आणि दोन्ही स्क्रू तळाशी एका साखळीने जोडलेले आहेत. हँडल एक, पण दोन्ही बाजू बरोबर उचलल्या जातात. निदान तसं अपेक्षित असतं.

तक्रारी दोन होत्या. फळीचं मागचं टोक शेवटच्या साडेतीन इंचांत पातळ येत होतं, तेही उजव्या अंगाला जास्त, ०.२ मिमीपर्यंत. आणि मधूनच फळी अडकायची. मिस्त्री म्हणाले, "फळी आत जाऊन थांबलालीय बघा साहेब. मागनं ढकलल्याबिगर हलतच नाही." हेल्पर पोरगा दुसऱ्या फळीने मागून रेटायचा, फळी सुटायची, पण थांबलेल्या जागी दातेरी रोलरने लाकडात चर पाडलेला असायचा.

याआधी जे झालं होतं ते मी मालकांकडून आणि मिस्त्रींकडून वेगवेगळं विचारून घेतलं. दोघं एकत्र असले की मिस्त्री गप्प बसायचे. पाती नवी, एचएसएस (हाय-स्पीड स्टील), बाहेरून धार लावून आणलेली. पट्टा नवा. बेडला मेण लावलेलं. रोलरच्या स्प्रिंगा पिळून शेवटच्या आट्यापर्यंत नेलेल्या. प्रेशर बार खाली घेतलेला. कुणीतरी "व्होल्टेज कमी पडतं" म्हणून स्टॅबिलायझरचं कोटेशनही देऊन गेलं होतं.

ते कोटेशन आधी बाजूला काढलं. ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७ अँपिअर घेते. क्लॅम्प मीटर लावून फळी घातली. कापताना तिन्ही फेजवर करंट सारखा आणि त्या मर्यादेच्या बराच आत. फळी अडकली त्या क्षणी करंट वाढायच्या ऐवजी उतरला. म्हणजे मोटर दमत नव्हती. फळी थांबल्यामुळे पात्यांना कापायला नवं लाकूडच मिळत नव्हतं. रोलर मात्र फिरतच होता, लाकडावर घसरून चर पाडत होता. म्हणजे पट्टा, गिअरबॉक्स, रोलरची साखळी हेही निर्दोष. काहीतरी फळीला समोरून अडवत होतं.

कुठे अडवत होतं हे कळायला सोपी युक्ती आहे, आणि ती फार कमी जण करतात. फळी अडकली की तिला ढकलायचं नाही. मशीन बंद करायचं, मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे आणि फळीचं पुढचं टोक कुठे पोचलंय ते मोजायचं. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर पकड कमी आहे: रोलरवर राळ चढलीय, बेड कोरडा आहे किंवा पाती बोथट आहेत. दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर त्या जागी जे काही आहे तोच गुन्हेगार. आमची फळी दर वेळी पात्याच्या रेषेपुढे साधारण ३५ मिमीवर थांबत होती आणि तिथे प्रेशर बारचा पुढचा काठ होता. मागून रेटून बारखाली गेलेल्या फळ्या उजेडात तिरप्या धरल्या तर डाव्या अंगाला चकचकीत, दाबला गेलेला पट्टा दिसायचा. उजव्या अंगाला नाही.

टोक पातळ होण्याचंही मोजमाप असंच बोलतं. फळीचं मागचं टोक दातेरी रोलरखालून सुटलं की तिला दाबून धरायला फक्त पात्यांपलीकडचा प्रेशर बार आणि गुळगुळीत रोलर उरतात. तेव्हाच फळी उचलली जात असेल, तर खड्ड्याची लांबी दातेरी रोलर आणि पाती यांच्यातल्या अंतराएवढी भरते. पुढच्या टोकाला खड्डा असेल तर तो पाती आणि गुळगुळीत रोलरमधल्या अंतराएवढा. इथे खड्डा ९० मिमीचा आणि दातेरी रोलरचं अंतरही ९० मिमी. पुढचं टोक स्वच्छ. म्हणजे पात्यांच्या पुढे फळी दाबली जात नाही, आणि तीही उजवीकडेच.

डावीकडे प्रेशर बार फळीला अडवतोय आणि उजवीकडे तोच बार तिला धरत नाहीये. बार तिरका बसलाय असा निष्कर्ष कुणीही काढेल. मिस्त्रींनीही तोच काढला आणि पाना हातात घेतला. बारला दोन्ही टोकांना स्क्रू आहेत, डावीकडून वर आणि उजवीकडून खाली घेतला असता तर दोन्ही तक्रारी त्या दिवसापुरत्या संपल्याही असत्या.

मी थांबवलं, कारण मिस्त्रींच्या बोलण्यातलं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) उरकल्यावर, म्हणजे संक्रांतीनंतरच्या दिवसांत, मशीन पूर्व भागातल्या जुन्या शेडमधून इथे आणलं होतं. तक्रारी सुरू झाल्या त्या त्यानंतर. पण पहिली तक्रार टोकाची नव्हती आणि अडकण्याचीही नव्हती. "पैली तर फळी एका बाजूनं जाड येत हुती," ते म्हणाले. "ती मी पाती सेट करून काढली."

एका बाजूने जाड येणं ही जातच वेगळी. फळीची डावी-उजवी जाडी ठरते ती पात्याची रेषा आणि बेड यांच्यातल्या फटीवरून. प्रेशर बारचा, रोलरचा, स्प्रिंगचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून आधी ती मोजली. एकाच फळीतून चिरलेल्या दोन अरुंद पट्ट्या घ्यायच्या, एक बेडच्या अगदी डाव्या कडेने आणि एक अगदी उजव्या कडेने एकाच सेटिंगवर घालायची, आणि दोन्ही व्हर्निअरने मोजायच्या. रुंद फळीपेक्षा हे खरं उत्तर देतं, कारण रुंद फळी वाकलेली असेल तर तिचा बाक जाडीच्या मापात मिसळतो. फरक आला ०.०४ मिमी. लाकडाच्या कामाला हा फरक काहीच नाही. मालकांना बरं वाटलं. मला मात्र यातून एवढंच कळलं की पाती आणि बेड आत्ता समांतर आहेत. ती कशी समांतर झाली, ते कळलं नव्हतं.

इथे एक आडवाट सांगून टाकतो. मालकांना आधी आलेल्या एका कारागिरानं फळीवरच्या बारीक लहरी दाखवून "तीन पात्यांपैकी एकच कापतंय" असं सांगितलं होतं. लहरी मी मोजल्या. पेन्सिलीचं टोक आडवं घासलं की त्या उठून दिसतात. सेंटिमीटरला सात-आठ भरल्या. हिशोब असा की ६ मीटर वेगाने आणि ४५०० फेऱ्यांनी एका फेऱ्यात फळी १.३३ मिमी पुढे जाते, आणि एकाच पात्याचा ठसा उरला तर सेंटिमीटरला साडेसात लहरी. कारागिराचं निरीक्षण बरोबर होतं, अनुमान चुकीचं. १०० मिमीच्या ब्लॉकवर या लहरीची खोली ०.००५ मिमीच्याही आत असते. एक पातं दुसऱ्यापेक्षा तेवढं जरी खाली असलं तरी शेवटचा ठसा त्याचाच राहतो. इतकी अचूक पाती हाताने बसवणं कुणाला जमत नाही, त्यामुळे चांगल्या मशीनवरही बहुतेक वेळा एकाच पात्याचा ठसा दिसतो. लहरी रुंद होऊन हाताला लागायला लागल्या तरच काळजी करावी.

आता मोजमाप कशापासून घ्यायचं हा प्रश्न. प्लेनरमध्ये सगळ्या सेटिंगा पात्याच्या टोकाने काढलेल्या वर्तुळापासून सांगितल्या जातात: बार त्याच्या बरोबरीने, रोलर त्याच्या इतकं खाली. पण ते वर्तुळ माणसाने बसवलेलं असतं आणि माणूस चुकू शकतो. कारखान्यात खरादलेला असतो तो कटर ब्लॉकचा देह. म्हणून मी डायल गेज (काट्यावर मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं माप) बेडवर उभा केला, टोक वर, आणि प्रत्येक बाजूला तीन मापं घेतली: ब्लॉकचा कोरा भाग, पात्याचं सर्वांत खालचं टोक आणि प्रेशर बार. ब्लॉक फिरवायचा तो पुलीकडून. थांबलेली पातीसुद्धा बोटं कापतात, आणि एचएसएसची नवी धार तर कापल्यावरच कळते.

डावीकडे पातं ब्लॉकच्या बाहेर १.० मिमी निघालेलं होतं. उजवीकडे १.३. तिन्ही पाती तशीच. म्हणजे हा हलगर्जीपणा नव्हता, मिस्त्रींनी मुद्दाम, नीट, मेहनतीने तिन्ही पाती तिरकी बसवली होती.

प्रेशर बार डावीकडे पात्याच्या वर्तुळापेक्षा ०.२ मिमी खाली होता. उजवीकडे ०.१ मिमी वर. पण तोच बार ब्लॉकच्या देहापासून मोजला तर डावीकडे १.२ आणि उजवीकडेही १.२. बार सरळ होता. तिरकं होतं ते पात्यांचं वर्तुळ.

आणि ब्लॉकच्या देहापासून बेड उजवीकडे ०.३२ मिमी जास्त खाली होता.

ब्लॉक कललाय की बेड, हे इथे ठरवावं लागतं. बेअरिंग खाल्लं गेलं किंवा बेअरिंगच्या घराखाली भुसा अडकला तर ब्लॉकही कलतो. पण बार आणि ब्लॉक दोघं मशीनच्या वरच्या सांगाड्यात बसतात आणि ते एकमेकांशी समांतर होते. गुळगुळीत रोलरची घरंही त्यांच्याशी जुळत होती. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता, हाताने ब्लॉक उचलून पाहिला तरी गेजचा काटा हलत नव्हता. तिघं एका बाजूला आणि बेड एकटा दुसऱ्या बाजूला.

बेड कसा कलला, हे मशीनखाली आडवं पडल्यावर दिसलं. तळाची साखळी ढिली, तिचा ताणाचा चक्र सुटलेला, दातांत भुसा आणि ग्रीस यांचा लगदा. स्क्रूचा आटा ४ मिमीचा होता आणि साखळी ज्यावर बसते त्या स्क्रूच्या चक्राला दात बारा. म्हणजे साखळी एका चक्रावर एक दात घसरली तर ती बाजू ४ भागिले १२, म्हणजे ०.३३ मिमीने मागे राहते. मोजलेला फरक ०.३२.

साखळी का घसरली त्याचं उत्तर मशीन ज्यांनी हलवलं त्यांच्याकडून मिळालं. क्रेनचा पट्टा बेडच्या खालून घातला होता. वजन उचललं तेव्हा बेड एका अंगाने वर ओढला गेला, त्या बाजूचा स्क्रू क्षणभर भाराविना झाला, आणि ढिल्या साखळीने जागा सोडली. हे मशीन नेहमी खालच्या बैठकीला पट्टा लावून उचलायचं. बेडला दोर लावून मशीन उचलू नये. अशा सूचना माहितीपुस्तिकेत असतात, आणि जुन्या मशीनबरोबर पुस्तिका क्वचितच मिळते.

आता घटना उलगडून पाहिली की सगळं जुळतं, आणि मला यातलं हेच सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. बेड उजवीकडे खाली बसला, म्हणून फळी उजवीकडे जाड यायला लागली. मिस्त्रींनी तो फरक पात्यांतून काढला: उजवीकडे पाती ०.३ बाहेर. जाडी जुळली, तक्रार मिटली. पण वर्तुळ उजवीकडे ०.३ खाली गेल्यामुळे जो बार त्याच्या बरोबरीने होता तो उजवीकडे आपोआप ०.३ वर राहिला. गुळगुळीत रोलरही तिथे पुरेसा खाली उरला नाही. उजव्या अंगाला फळी धरणारं कुणी नाही, म्हणून टोक खाल्लं जायला लागलं. टोक वाचवायला बार दोन्ही बाजूंनी ०.२ खाली घेतला. उजवीकडे थोडा फरक पडला, पण डावीकडे बार वर्तुळाच्या खाली उतरला आणि फळीची वाट अडवायला लागला. फळी अडकते म्हणून स्प्रिंगा पिळल्या. स्प्रिंगा पिळल्या म्हणून दातेरी रोलरचे ठसे खोल गेले आणि शेवटच्या हलक्या पासातही (पास म्हणजे फळीची मशीनमधून एक फेरी) निघेनात. ठसे निघत नाहीत म्हणून धारेवर संशय, आणि म्हणून नवी पाती.

प्रत्येक उपाय त्या त्या वेळच्या तक्रारीला लागू पडला होता. मिस्त्रींना दोष देणं मालकांना सोपं वाटत होतं, मला ते पटलं नाही. मोजायला हातात डायल गेज नसताना जाडीचा फरक ०.०४ वर आणणं हे कसबाचं काम आहे. चूक एवढीच की जो भाग हलला होता तो सोडून जो हाताशी होता तो फिरवला गेला. पात्यांचे बोल्ट समोर असतात, साखळी मशीनच्या पोटाखाली.

मालकांचा प्रश्न व्यवहाराचा होता. पाती आणि बेड समांतर आहेतच, तर बार आणि रोलर वर्तुळाशी जुळवून घेऊ, साखळीला हात कशाला लावायचा? काम थांबेल. हा मार्ग चालला असता, पुढची पाती बदलेपर्यंत. नवी पाती सेटिंग गेजने बसवतात आणि तो गेज ब्लॉकच्या देहावर टेकतो. गेजने पाती बसवली की ती बेडशी तिरकी, आणि बेडशी जुळवली की गेज निरुपयोगी. दर वेळी बार, दोन रोलर, चिप ब्रेकर यांचा नव्याने मेळ घालावा लागला असता. शिवाय ढिली साखळी अजून एक दात सोडायला मोकळी होतीच. मी सांगितलं, अर्धा दिवस मशीन बंद राहील आणि पुढे पाती बदलायला तास-दीड तास पुरेल. त्यांनी मान्य केलं.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली आहे. प्रथम साखळी रॉकेलने धुतली, उजव्या चक्रावरून उतरवली, स्क्रू एक दात फिरवला, पुन्हा चढवली, ताणाचा चक्र आवळला. बेड थोडा खाली नेऊन मग वर आणला, म्हणजे आट्यातली ढील एकाच बाजूला बसते, आणि मग मोजलं. ब्लॉक आणि बेडमधला फरक ०.०२ मिमी. चक्राला आणि स्क्रूला रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली. उद्या साखळी घसरलीच तर टॉर्च मारून दिसेल.

मग पाती काढली. खाचा पितळी ब्रशने साफ केल्या, कारण पट्टीखाली चिकटलेली राळ पात्याला तिरकं करते. तिन्ही पाती वजनकाट्यावर घातली, धार लावताना कधी एक जास्त झिजवलेलं असतं आणि ४५०० फेऱ्यांना तो फरक कंप म्हणून येतो. इथे ठीक होती. गेजने तिन्ही १.० मिमीला बसवली. बोल्ट आवळताना मधून कडांकडे, आणि दोन-तीन टप्प्यांत. एकदम एका टोकाचा बोल्ट घट्ट केला की दुसरं टोक वर येतं. पूर्ण आवळल्यावर पुन्हा मोजली, ०.०३ च्या आत. काही मिनिटं रिकामं चालवून, बंद करून, फ्यूज काढून बोल्ट पुन्हा तपासले. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे आणि याच भागात लोक घाई करतात. सुटलेलं पातं शेडच्या भिंतीत रुततं.

वर्तुळ जागेवर आल्यावर बाकीचं त्याच्याशी जुळवलं. गुळगुळीत रोलर ०.५ मिमी खाली, दातेरी ०.८, चिप ब्रेकर ०.६, आणि प्रेशर बार वर्तुळाच्या बरोबरीने. हे आकडे या मशीनचे. दुसऱ्या बनावटीत ते थोडे वेगळे असतात, आणि पुस्तिका असेल तर तिचेच घ्यावेत. बार मात्र शेवटी फळीवरच ठरतो: थोडा वर ठेवून एक फळी घालायची, मागे खडबडीत कंपाच्या खुणा दिसल्या तर दोन्ही स्क्रू सारखे, अगदी किंचित खाली घ्यायचे, खुणा जातील आणि फळी अडकणार नाही तिथे थांबायचं. बार दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच मापाने हलवायचा.

स्प्रिंगा सैल करायला मिस्त्री तयार नव्हते. "सैल केल्यावर परत अडकंल," हे त्यांचं म्हणणं. दीड मिमीच्या पासावर सागाची फळी घातली आणि स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फेरा सैल करत गेलो. फळी अडखळली की एक फेरा परत. शेवटी त्या आधीच्यापेक्षा खूप सैल राहिल्या. दातांचे ठसे आता ०.८ मिमीच्या शेवटच्या पासात पूर्ण निघत होते. शेवटचा पास त्याहून फार हलका घेऊ नये. अर्ध्या मिमीच्या आत गेलं की दातेरी रोलरचे ठसे राहू शकतात, मग मशीन कितीही नीट असो.

एवढं करूनही फळीचं मागचं टोक ०.१२ मिमी पातळ आलं. आता दोन्ही अंगांना सारखं. हा उरलेला दोष मशीनच्या आत अर्धा आणि बाहेर अर्धा होता. आतला अर्धा म्हणजे बेडमधले मोकळे रोलर, जे बेडपेक्षा ०.४ मिमी वर ठेवलेले होते. ओबडधोबड चिरकाम घालायला ते ठीक, कारण खरबरीत फळी सुलभ सरकते. पण तयार होत आलेली फळी त्या दोन रोलरवर अधांतरी राहते आणि टोक सुटलं की झुलते. ते ०.१ वर आणले. बाहेरचा अर्धा म्हणजे सात फुटी फळीची बाहेर लोंबणारी बाजू. फळी बाहेर येते, पुढचं टोक वजनाने खाली झुकतं आणि बेडच्या काठावर टेकून मागचं टोक वर उचलतं, थेट पात्यांत. हेल्परला धरायला सांगणं हा उपाय नाही, तो कधी जास्त उचलतो, कधी कमी. शेडमध्ये वापरात नसलेला रोलर स्टँड होता. तो बाहेरच्या बाजूला, बेडच्या पातळीपेक्षा किंचित वर लावला. टोकाचा खड्डा ०.०५ मिमीवर आला. त्याहून खाली नेण्यात अर्थ नाही. रेस बोर्डासाठी फळी शंभर मिमी जास्त लांब घेऊन टोक कापून टाकायचं ठरलं, आणि एकामागे एक फळ्या टोकाला टोक लावून घालायच्या, म्हणजे खड्डा पहिल्या आणि शेवटच्या फळीतच राहतो.

दोन गोष्टी मशीनच्या माथी मारू नयेत म्हणून लिहितो. सोलापुरात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की पावसाळ्यात चिरून ठेवलेला साग एप्रिलपर्यंत बाक धरतो. बाक आलेली फळी थिकनेसमध्ये घातली की रोलर तिला दाबून सपाट करतात, पाती सपाट कापतात, आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा बाक घेते. जाडी सारखी, फळी वाकडी. ती आधी सरफेस रंध्यावर एका तोंडाने सपाट करायलाच हवी. आणि बाभळीच्या मारक्या दांड्यांवर जे खपले निघत होते ते उलट्या रेषेचे. दांडा उलटा फिरवून घातला की निम्मे जातात, उरलेल्यांना हलका पास आणि ताजी धार.

रेटायची सवय मात्र मोडायला वेळ लागला. फळी अडकली की हेल्परचा हात आपसूक मागच्या फळीकडे जायचा. पाती फळीला उलट फेकू शकतात आणि तेव्हा मागे सरळ रेषेत उभं राहणं म्हणजे पोटावर घाव घेणं. उभं राहायची जागा बाजूला, हातमोजे नाहीत, आणि दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा मशीनमध्ये नाही. आखूड तुकडा दोन्ही रोलरच्या मधे मोकळा सुटतो.

पुढची पाती मिस्त्रींनी स्वतः बसवली, गेजने, बारला हात न लावता. पट्ट्यांचा फरक ०.०३ आला. दाराशी परत आलेल्या फळ्यांपैकी ज्यांची जाडी पुरेशी होती त्या एक पास देऊन, टोकं कापून आखूड फळी लागणाऱ्या मागांना गेल्या. एका गिऱ्हाइकाच्या मागावर धोटा अजूनही उडतो. त्यांच्या रेस बोर्डाची जाडी आम्ही तिथे जाऊन मोजली, ती बरोबर आहे. तिथे पिकिंगची, म्हणजे धोट्याला फटका बसण्याची, वेळ बघायला माग जुळवणारा लागेल, सुतार नव्हे.